वेताळ कोणाकडे बघतोय?

मुखवट्याचा डोळा हलावा की हलू नये, यावर माझा भाऊ आणि माझी लेक यांचं अजून एकमत झालेलं नाही. भाऊ पेणचा, गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा. मूर्तीचं अंग, पितांबर, दागिने सगळं रंगवून झालं की सर्वांत शेवटी आखणीवाला तिच्यासमोर बसतो, आणि त्याने ब्रश खाली ठेवला की मूर्ती पूर्ण झाली असं धरतात. लेक इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. तिने शिमग्यातल्या सोंगासाठी वेताळाचा मुखवटा घरीच केला. चेहरा कागदाचा, आणि डोळ्यांच्या खोबणीत दोन गोल पडदे, ज्यांच्यावर बुबुळं फिरतात, पापण्या लवतात.

दोघांचं हे बोलणं तुकड्यातुकड्यांनी झालं, कधी जेवताना, कधी फोनवर, कधी मुखवटा मांडीवर घेऊन. मी ते जुळवून लावलं आहे. मधेमधे माझंही मत आलं आहे आणि ते मी लपवलेलं नाही, कारण डोळ्यात जीव कशाने येतो हा प्रश्न मला अगदी मनापासून महत्त्वाचा वाटतो.

मामा: मला आधी एवढंच सांग, हा बघतोय कोणाकडे?

भाची: आत्ता कोणाकडेच नाही, मामा. प्रोग्रॅम आपल्या मनाने एक जागा निवडतो, बुबुळ तिथे नेतो, थांबतो, मग दुसरी जागा निवडतो.

मामा: म्हणजे चिठ्ठी टाकून बघतो.

भाची: जागा चिठ्ठीने ठरते, हो. हालचाल मात्र खऱ्या डोळ्याची आहे. माणसाचा डोळा एका जागेवरून दुसरीकडे सरकत जात नाही, उडी मारतो. तू आरशासमोर उभा राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्यात बघ, मग उजव्या. डोळे हलताना तुला दिसणारच नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र स्वच्छ दिसतील. त्या उडीपुरतं मेंदू समोरचं चित्र गाळून टाकतो. ही उडी जमली नाही, बुबुळ संथ सरकायला लागलं, की डोळा लगेच खोटा वाटतो.

मामा: आणि ही उडी तू मोजलीस?

भाची: मी नाही. फिलिप बर्जेस नावाच्या प्रोग्रॅमरने २०१५ मध्ये अडाफ्रूट या अमेरिकन कंपनीसाठी 'अनकॅनी आइज' नावाचा प्रोग्रॅम लिहिला, टीन्सी नावाच्या बोटभर बोर्डावर चालणारा. तो सगळ्यांना खुला आहे. घरी मुखवटे करणारे लोक तोच घेतात आणि आपापल्या पडद्याला जुळवून वापरतात. त्यात एक उडी ७२ ते १४४ मिलिसेकंदांत संपते. पापणी ३६ ते ७२ मिलिसेकंदांत मिटते आणि उघडायला त्याच्या दुप्पट वेळ घेते. दोन उड्यांच्या मधे डोळा जास्तीत जास्त ३ सेकंद थांबतो. आणखी एक बारकावा त्याने ठेवलाय. दोन्ही बुबुळं नाकाच्या बाजूला किंचित वळलेली असतात, समोर बोलायच्या अंतरावर कोणीतरी उभं आहे अशी.

मामा: हा माणूस मला आवडला. मिटण्यापेक्षा उघडायला जास्त वेळ, हे बघायला डोळा लागतो. पण तीन सेकंद फार कमी झाले.

इथे मुखवट्याबद्दल थोडं सांगायला हवं. चेहऱ्यावर मामाचा काही आक्षेप नव्हता, कारण तो त्याच्याच देखरेखीखाली झाला. शाडूचा साचा केला. त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे लावताना पहिला थर नुसत्या पाण्याने भिजवलेला, खळ अजिबात नाही, म्हणजे सुकल्यावर कागद मातीला धरून राहत नाही. पुढचे थर खळीचे, आणि खळीत मेथीची पूड. कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करणाऱ्या आपल्या आज्या मेथ्या वाटून घालायच्या ते याचसाठी, कीड लागत नाही आणि लगदा चिवट होतो. उन्हात वाळल्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचा लेप, मग पॉलिश पेपर. भुवयांचे उंचवटे आणि गालफडं लगद्याने वर उचलली. खोबणी मात्र लेकीने पीव्हीसी पाइपच्या चकत्या बसवून केल्या, म्हणजे पडदा मागून बसतो आणि बिघडला तर स्क्रू काढून बदलता येतो. पडदे १.२८ इंच व्यासाचे, गोल, रंगीत. हातावरच्या घड्याळाच्या तबकडीएवढे. माणसाचा अख्खा नेत्रगोल साधारण २४ मिलिमीटरचा असतो, हे ३२ मिलिमीटरचे, म्हणजे वेताळाला शोभतील इतके मोठे.

मामाने पहिल्यांदा ते चालू झालेले पाहिले तेव्हा तो पुढे वाकला आणि हालचालीबद्दल काहीच बोलला नाही. त्याने बोट ठेवलं ते बुबुळाच्या वरच्या काठावर.

मामा: हे बुबुळ अख्खं का दिसतंय?

भाची: म्हणजे?

मामा: कोणाही शांत बसलेल्या माणसाचा चेहरा बघ. वरची पापणी बुबुळावर थोडी आलेली असते. वरचा काठ झाकलेला, खालचा काठ खालच्या पापणीला टेकलेला. बुबुळाचा अख्खा गोल दिसला, वर पांढरं दिसलं, की माणूस एकतर घाबरलाय नाहीतर संतापलाय. आम्ही महिषासुराला तसा डोळा काढतो. देवीला तसा काढला तर ती मूर्ती कोणी घरी नेणार नाही.

भाची: पण हा वेताळ आहे. संतापलेलाच हवा.

मामा: सतत संतापलेल्या माणसाची भीती किती वेळ वाटते? घटकाभर. मग पोरं त्याच्या पुढ्यात नाचायला लागतात. डोळा आधी अर्धा झाकलेला ठेव. जड पापणी, झोपेतून उठल्यासारखी. आणि मग कधीतरी एकदाच अख्खा उघड. तेव्हा पोटात गोळा येईल. आणि दुसरं असं की वेताळ म्हणजे नुसतं भूत नव्हे. सिंधुदुर्गात, गोव्यात तो गावाचा राखणदार आहे. आमोण्याला, पैंगीणला त्याची देवळं आहेत. राखणदार येणाऱ्या-जाणाऱ्यावर डोळे वटारत बसत नाही. तो बघून ठेवतो.

यानंतर जे झालं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत सुंदर वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बर्जेसच्या प्रोग्रॅममध्ये पापणी म्हणजे करड्या छटांचं एक चित्र असतं. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला ० ते २५५ मधला एक आकडा असतो, ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा, मधे सगळे करडे. पापणी मिटायला लागते तेव्हा प्रोग्रॅम एक आकडा वाढवत नेतो आणि त्या आकड्यापेक्षा कमी किंवा तेवढाच असलेला प्रत्येक ठिपका पापणीखाली जातो. म्हणजे जिथे छटा गडद, ती जागा आधी झाकली जाते. जिथे फिकट, ती शेवटी. पापणीची चाल त्या छटेतच साठवलेली असते. लेकीने हे मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, एवढंच ना, मग कागद आण.

त्याने ड्रॉइंगच्या कागदावर मोठा डोळा आखला. कडेची रेघ झिरो नंबरच्या ब्रशने, हात कागदाला न टेकवता, करंगळीच्या टोकावर तोलून. मग काळ्या रंगात पाणी वाढवत वाढवत वरून खाली छटा उतरवली, गणपतीच्या सोंडेवर उतरवतात तशी. नाकाकडच्या कोपऱ्यात त्याने छटा मुद्दाम लवकर फिकट केली आणि बाहेरच्या कोपऱ्यात गडद ठेवली. कारण विचारलं तर म्हणाला, झोपाळू माणसाची पापणी बाहेरच्या बाजूने आधी उतरते. लेकीने त्या कागदाचा फोटो घेतला, २४० बाय २४० ठिपक्यांवर आणला, पडद्यावर चढवला. आणि वेताळाची पापणी उतरली ती तशीच, बाहेरून आत, जड. ब्रशने दिलेली छटा वेळ होऊन चालायला लागली होती. मामाने आयुष्यभर स्थिर डोळे काढले, आणि त्याच्या हाताची ही पहिली हलणारी पापणी. तो बराच वेळ ती उघडमीट बघत राहिला.

पण त्याचं मत तेवढ्याने बदललं नाही.

मामा: पापणी छान झाली. तरी मी म्हणेन, डोळ्याने हलू नये. सोंग कोण नाचवतं? आतला माणूस. त्याने मान वळवली की सोंग वळून बघतं. त्याने मान खाली घातली की सोंग विचारात पडतं. तू डोळा वेगळा हलवलास की मान एकीकडे सांगते आणि डोळा दुसरीकडे. मग बघणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवायचा?

भाची: तुझ्या बाजूचा पुरावा मीच देते. जपानमध्ये नोह नावाचं नाटक आहे, सहाशे वर्षांहून जुनं. त्यातले मुखवटे लाकडाचे, हलणारं त्यात काही नाही. नटाने मुखवटा जरा वर उचलला की तो हसरा दिसतो, जरा खाली झुकवला की उदास होतो. उजेड आणि सावली बदलते, बाकी काहीच बदलत नाही.

मामा: बघ.

भाची: पण त्याच जपानमध्ये बुनराकूच्या बाहुल्या आहेत आणि त्यांच्यातल्या कित्येकींचे डोळे, भुवया दोऱ्यांनी हलतात. म्हणजे हा प्रश्न इलेक्ट्रॉनिक्सने आणलेला नाही. आणि आता तू मला सांग, लहानपणी तू सोंगं कशाच्या उजेडात बघितलीस?

मामा: टेंभ्यांच्या. नंतर गॅसबत्ती आली.

भाची: टेंभ्याची ज्योत सारखी हलते. भुवईची सावली डोळ्यावर येते, सरते, परत येते. रंगवलेला डोळा जागचा हलत नव्हता, पण त्याच्यावरचा उजेड हलत होता. तुझ्या त्या डोळ्यांना हलवणारं काहीतरी होतंच, मामा. आता काय आहे? अंगणाच्या दोन्ही टोकांना हॅलोजन, नाहीतर एलईडीचे फ्लडलाइट. भुवईखाली सावली नाही, गालाखाली नाही. सगळा चेहरा पत्रिकेवर छापल्यासारखा सपाट. त्या उजेडात तुझा डोळा मेला आहे. मी पडदे बसवले ते टेंभ्याने जे केलं ते परत आणायला.

मामा: मग हॅलोजन बंद करा म्हणावं. त्यासाठी प्रोग्रॅम कशाला?

या दोन वाक्यांपाशी मी दोघांनाही थांबवलं होतं, कारण मला दोन्ही खरी वाटतात. पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे समजेल. रात्रभर संबळ आणि पिपाणी वाजत असते, एकामागून एक सोंग येतं, देव, राक्षस, प्राणी. मुखवटे ठसठशीत रंगांचे, डोळे मोठे, कडा काळ्या. हे मुखवटे रात्रीसाठी, हलत्या उजेडासाठी आणि लांबून बघणाऱ्यांसाठी केलेले असतात. दुपारी भिंतीवर टांगून जवळून बघितले तर त्यातलं निम्मं दिसतच नाही. मुखवटा घडवणाऱ्याने उजेड गृहीत धरलेला असतो आणि आपण तो उजेडच बदलून टाकला. लेकीचं निदान बरोबर आहे. उपाय एकच आहे असं मात्र नाही.

भाची: बरं, तुझा तो पांढरा ठिपका. आखणीत सगळ्यांत शेवटी देतोस तो.

मामा: तो दिल्याशिवाय डोळ्याला पाणी येत नाही. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला द्यायचा. उजेड एकीकडून येतो ना. नवशिका एका डोळ्यात डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे देतो, आरशात बघितल्यासारखा, आणि मूर्ती तिरळी दिसते. कारण त्याला शोधून सापडत नाही.

भाची: माझ्या डोळ्यात मी ठिपका काढलेलाच नाही. पडद्यावर काचेचा अर्धगोल बसवलाय. समोर जो दिवा असेल तो त्या काचेत आपोआप दिसतो, दोन्ही डोळ्यांत बरोबर एकाच बाजूला. सोंग वळलं की ठिपका सरकतो. समोर मशाल असेल तर मशालच त्याच्या डोळ्यात दिसेल.

मामा: (काचेवर बोट फिरवत) हे मला करता येणार नाही. हे कबूल.

भाची: आणि डोळ्यातली बाहुली उजेडावर चालते. कपाळावर भुवईच्या आड उजेड ओळखणारा एक छोटा सेन्सर आहे. अंधारात बाहुली मोठी होते, दिव्याजवळ आला की बारीक. माणसाची बाहुली साधारण २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत जाते. आपण ती कधी मोजत नाही, पण समोरच्याची बाहुली गोठलेली असली तर आपल्याला अस्वस्थ वाटतं.

मामा: अस्वस्थ वाटू दे की. भूतच आहे ते.

भाची: आत्ता तर राखणदार म्हणालास.

या ठिकाणी लेकीने मासाहिरो मोरी यांचं नाव काढलं. हे जपानी रोबोटतज्ज्ञ. त्यांनी १९७० मध्ये एक छोटा निबंध लिहिला. यंत्र माणसासारखं दिसायला लागतं तसतसं ते आपल्याला आवडत जातं, पण जवळजवळ माणूस वाटण्याच्या थोडं अलीकडे एकदम किळस आणि भीती वाटते. ती दरी पार झाली की परत आपलेपणा. मोरींचं दुसरं म्हणणं इथे जास्त कामाचं आहे. वस्तू हलायला लागली की आवड आणि भीती दोन्ही वाढतात. शिखर उंच होतं, दरी खोल होते. म्हणून माझं मत असं की हलता डोळा कोणाला द्यायचा हे आधी ठरवावं. वेताळाला, राक्षसाला, त्राटिकेला जरूर द्यावा, तिथे ती दरी हवीच आहे. गौरीच्या मुखवट्याला देऊ नये. घरात तीन दिवस माहेरपणाला आलेल्या गौरीच्या चेहऱ्यात आपण आपली आई, आजी, बहीण बघतो. तो चेहरा आपल्या मनाने भरायला मोकळा ठेवलेला असतो. तिथे पापणी लवली की ती जागा भरून जाते आणि आपल्याला काही उरत नाही. लेकीला हे पटलं. मामाला ते इतकं उघड वाटलं की त्यावर बोलायची त्याला गरज वाटली नाही.

मूळ प्रश्न मात्र तसाच होता, बघतोय कोणाकडे?

भाची: याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे उष्णता ओळखणारा सेन्सर. एएमजी ८८३३ नावाचा. आठ बाय आठ, म्हणजे ६४ चौकोनांचं चित्र तो सेकंदाला दहा वेळा देतो आणि सात मीटरपर्यंतचा माणूस ओळखू शकतो. समोर जिथे अंगाची ऊब जास्त, तिकडे डोळा वळेल. गर्दीतला जो जवळ येईल त्याच्याकडे वेताळ बघेल.

मामा: ऊब बघून?

भाची: ऊब बघून.

मामा: हे भयंकर आहे. म्हणजे छान आहे. पण मला नको. दुसरं सांग.

भाची: दुसरं साधं आहे. सोंग घेणाऱ्याच्या तळव्यात, हातमोज्याच्या आत, अंगठ्याने फिरवायची छोटी जॉयस्टिक. त्याला वाटेल तिकडे तो डोळा फिरवेल. दाबली की पापणी मिटेल.

मामा: हे कर. आतला माणूस नाचतोय, संबळ त्याला ऐकू येतोय, समोरचं पोर कधी घाबरणार हे त्याला कळतं. ते ६४ चौकोनांना नाही कळणार. डोळा हलवायचाच असेल तर त्याने हलवू दे.

मी इथे पूर्ण भावाच्या बाजूने आहे. ऊब शोधणारा डोळा चमत्कारिक आहे, प्रदर्शनात ठेवायला उत्तम आहे. पण सोंग ही माणसाने माणसांपुढे करायची गोष्ट आहे, आणि कधी बघायचं यापेक्षा कधी बघायचं नाही हे ठरवण्यात सोंग घेणाऱ्याची सगळी कला असते. ती त्याच्या हातातून काढून घेतली तर तो मुखवटा वाहून नेणारा हमाल होईल. लेकीने जॉयस्टिक बसवली. ज्या मुलाने तो मुखवटा चढवून सराव केला तो सुरुवातीला डोळे सारखे फिरवत होता. मग नाच अंगात भिनला तसा त्याचा अंगठा थांबत गेला. शेवटी तो मानच वळवत होता आणि डोळा अगदी मोजक्या जागी वापरत होता. वळायच्या आधी क्षणभर डोळा पुढे जायचा आणि मागून मान यायची. खऱ्या माणसाचंही असंच होतं, डोळा आधी पोचतो. मामाने ते पाहिलं. मान आणि डोळा वेगवेगळं सांगतील ही त्याची शंका तिथे फिटली असं मला वाटतं, पण तो तसं म्हणालेला नाही.

बाकीच्या गोष्टी दोघांनी भराभर मिटवल्या, पण घरी असा मुखवटा करणाऱ्याला त्या माहीत असाव्यात. पडदा बसवला की त्या जागेतून माणसाला दिसत नाही. म्हणून वेताळाचे डोळे चेहऱ्यावर वर सरकवले आणि मुलगा बघतो तो वेताळाच्या उघड्या तोंडातून, दातांमागे लावलेल्या काळ्या जाळीतून. बाहेरून काळोख दिसतो, आतून अंगण दिसतं. बॅटरी गालाजवळ ठेवायची नाही, घाम आणि लिथियम यांचं जमत नाही. ती कमरेच्या पट्ट्यात, आणि वर जाणारी वायर अशी जोडलेली की ओढ बसली तर सुटेल. पॉवर बँक वापरलात तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हे डोळे इतका कमी करंट घेतात की बऱ्याच पॉवर बँका फोन भरून झाला असं समजून बंद पडतात आणि ऐन नाचात सोंग आंधळं होतं. नाचाच्या आधी घरी तासभर चालवून बघा.

दोन डोळ्यांच्या वेगाचाही हिशेब आहे. एका पडद्यावर ५७,६०० ठिपके, प्रत्येकाला २ बाइट. दोन्ही पडदे माहिती नेणाऱ्या एकाच वाटेवर जोडले आणि ती वाट ४० मेगाहर्ट्झवर चालवली तर प्रत्येक डोळ्याला सेकंदाला फार तर २१ चित्रं मिळतात. सिनेमाची २४ असतात. लेकीने ईएसपी-३२ या बोर्डाच्या दोन वेगळ्या वाटा दोन डोळ्यांना दिल्या आणि उडी सफाईदार झाली.

मामा: आणि तीन वर्षांनी हा पडदा बाजारात मिळाला नाही तर?

भाची: तेवढ्याच मापाचा दुसरा बसेल. प्रोग्रॅम खुला आहे, तुझी पापणी फाइलमध्ये आहे.

मामा: माझा ब्रश तेव्हाही मिळेल.

भाची: ब्रश मिळेल. आखणी करणारा हात मिळेल का, हे तू मला सांग. हमरापूर, जोहे, पेण, तुझ्या ओळखीच्या कारखान्यांत तुझ्यानंतर डोळ्याला बसणारे कितीजण तयार होतायत?

मामा यावर गप्प बसला. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं असं नाही. ते त्याला मोठ्याने म्हणायचं नव्हतं. मग त्याने लेकीला डोळा आखायला बसवलं, कागदावर, ब्रशने. ती अजून शिकते आहे. रेघ थरथरते. पण पापणी बुबुळावर किती यावी हे तिला आता न मोजता कळतं, आणि ते तिला कुठल्याही प्रोग्रॅममधून कळलं नसतं.

एक भांडण शिल्लक आहे. अंगठा थांबला की डोळा पूर्ण स्थिर राहावा असं मामाचं म्हणणं. लेक म्हणते, जिवंत डोळा कधीच पूर्ण स्थिर नसतो, टक लावून बघतानाही त्यात बारीक कंप असतो, म्हणून तिने एक-दोन ठिपक्यांची थरथर ठेवली आहे. मामाला ती दिसते. बाकी कोणाला दिसत नाही. मला विचाराल तर ती थरथर राहू द्यावी, पण थांबण्याची मर्यादा तीन सेकंदांवरून बरीच वाढवावी. हलता डोळा करणारे जवळजवळ सगळेच त्याला हलवण्याच्या नादात असतात. त्याला थांबवणं हे त्यातलं खरं कसब आहे, आणि ते मामासारख्या माणसांकडे आधीपासून आहे.

शिमग्याचं, बोहाड्याचं, गावातल्या कुठल्याही सोंगांचं आयोजन करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. सोंगं अंगणात येतील तेवढा वेळ फ्लडलाइट बंद ठेवा. लोकांच्या पायांखाली दिसेल एवढा उजेड कडेने असू द्या. सोंगासाठी एकच दिवा लावा, कमरेच्या उंचीवर, एका बाजूने, शक्य असेल आणि आगीची काळजी घेता येत असेल तर मशाल. यात खर्च काही नाही. तुमच्याकडे जुना रंगवलेला मुखवटा असेल तर तो त्या उजेडात एकदा नाचवून बघा, आणि मगच ठरवा त्याला नवे डोळे लागतात का.